ब्रेकबाईने डोळे मिटले नाहीत

गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला ब्रेकबाईने शिकवलं. उरलेले निम्मे तिची शिकाऊ गाडी येताना पाहून चटकन फुटपाथवर चढायला शिकले, म्हणजे तेही तिचेच विद्यार्थी म्हणायचे. गाडी पांढरी, छोटी आणि चारही बाजूंनी चेपलेली. शिकणारा स्टिअरिंगवर, शेजारच्या सीटवर ब्रेकबाई, आणि तिच्या पायाखाली एक जादा ब्रेक. बाकी काही तिच्या हातात नसायचं. त्या एका पायावर ती लोकांचे जीव सांभाळायची आणि संध्याकाळी घरी आली की तोच पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसायची.

"थांबा" म्हणायचं आणि पाय दाबायचा, या दोन गोष्टी तिच्या अंगात इतक्या मुरल्या होत्या की पुढे पुढे थांबा कुणीही म्हणो, पाय हिचा जायचा. बसमध्ये कंडक्टर म्हणाला की पुढच्या सीटवरच्या माणसाला मागून गुद्दा. जेवताना एकदा नवरा "थांब, मीठ घेतो" म्हणाला आणि टेबलाखालची मांजर जन्माची शहाणी झाली. तेव्हापासून घरात तो शब्द बंद. नवरा फ्रीज दुरुस्त करायचा, स्वभावानेही थंड. तो "जरा दम धर" म्हणायला लागला. सासूबाईंचं कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान होतं. त्यांना या वयात शब्द बदलणं जमेना, म्हणून त्या सुनेला थांबवायचं असलं की नुसता हाताचा पंजा उभा करायच्या.

शिकणाऱ्यांची नावं तिच्या ध्यानात राहत नसत. जो जिथे आपटला, ते त्याचं नाव. बँकेतले साहेब म्हणजे "दोन कुंड्या". शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे "पोस्टाची पेटी". पायाखाली ब्रेक असताना आपटतात कसे, असं कुणी खोचकपणे विचारलंच तर ती म्हणायची, हळू आपटले म्हणून नावं तरी पडली, जोरात आपटले असते तर भिंतीवर फोटो लागले असते. आणि कुणी रागवायचं नाही. कारण पहिल्या दिवशी, भीतीने हात घामेजलेले असताना, तिने प्रत्येकाला तेच सांगितलेलं असायचं: "ब्रेक माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त डोळे उघडे ठेवा." नवशिका घाबरला की पहिलं काम डोळे मिटायचं करतो. डोळे मिटल्याने भिंत बाजूला होत नाही, हे माणसाला शिकवावं लागतं.

आणि हेच शिकवणाऱ्या बाईला एकदा डोळे मिटावे लागले होते. तिने मिटले नव्हते, लोकांनी मिटवले होते.

पहिल्या बाळंतपणात अचानक तिचं अंग सुजलं, डोकं फुटायची वेळ आली, आणि धावपळ करत तिला एका दवाखान्यात नेऊन पोट उघडावं लागलं. तोंडावर मास्क आला. डोळे मिटा, लांब श्वास घ्या, असं कुणीतरी सांगितलं आणि तिने ऐकलं. जाग आली तेव्हा दुसरा दिवस होता. मुलगी झाली होती, संध्याकाळपर्यंत होती, मग गेली. आई शुद्धीवर यायच्या आत सगळं उरकूनही झालं होतं. सासूबाईंनी ठरवलं आणि नवऱ्याने मान हलवली. पाहिलंच नाही तर लवकर विसरेल, असा त्यांचा हिशोब. न पाहिलेली लेक विसरायची कशी असते, हे त्या दोघांना कुणी विचारलं नाही. बाळाचं तोंड फक्त सासूबाईंनी पाहिलं होतं. त्यांनी बाळासाठी दुपट्यांची चळत इस्त्री करून ठेवली होती, त्यातलं पिवळं दुपटं घरी परत आलं नाही. आपल्या लेकीबद्दल ब्रेकबाईला माहीत होतं ते एवढंच, की ती पिवळ्या दुपट्यातून गेली.

एकदा तिने विचारलंही होतं, कशी होती म्हणून. सासूबाईंनी तापलेली इस्त्री उचलली, एका शर्टाच्या कॉलरवर दाबली आणि म्हणाल्या, झालं गेलं, आता ते उगाळून काय. नवरा स्क्रू शोधायला उठला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्या घरातल्या मुठीत काय होतं ते ब्रेकबाईला हवं होतं, आणि मूठ उघडायला कुणी तयार नव्हतं. ती गप्प बसली. फक्त शिकणाऱ्यांना डोळे उघडे ठेवायला सांगताना तिचा आवाज चढायला लागला. दोन कुंड्या तर म्हणाले होते की बाईंच्या भीतीने मला आता शिंकतानाही डोळे मिटायची हिंमत होत नाही.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा शेवटच्या महिन्यात बाळ पोटात आडवं बसलं. अरुंद गल्लीत टेम्पो आडवा लावावा तसं, ना पुढे ना मागे. पहिलं सिझेरियन, त्यात हे आडवं, तेव्हा याही वेळी पोट उघडूनच घ्यावं लागणार हे मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दवाखाना नवा होता, डॉक्टरीणबाई अनुभवी आणि तोंडाने फटकळ. ब्रेकबाई म्हणाली, पोट खुशाल उघडा, पण डोळे माझे उघडे राहतील. कंबरेखालची भूल द्या. आणि बाळ बाहेर आलं की आधी मला दाखवायचं, मग जगाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आम्ही आजकाल तसंच करतो. त्यावर ही म्हणाली, तुम्ही नेहमी काय करता ते नका सांगू, माझ्या वेळी काय कराल ते सांगा. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि तसं वचन दिलं. बाळाच्या किंवा तुमच्या जिवावर बेतलं तरच झोपवीन, असंही सांगून ठेवलं. ते हिला मान्य होतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी तिघं दवाखान्यात पोचली. नवऱ्याच्या हातात पिशवी, पिशवीत इस्त्री केलेली दुपटी, कडा इतक्या कडक की पापडासारख्या मोडाव्यात. वॉर्डातल्या मावशींनी तिला मागून नाड्या असलेला हिरवा झगा दिला आणि केस बांधता बांधता सहज विचारलं, पहिलंच का?

"हो, पहिलंच," सासूबाई घाईने म्हणाल्या.

"दुसरं," ब्रेकबाई म्हणाली. "पहिली मुलगी होती."

मावशींनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा सासूकडे, आणि टोपी आणायला जाते म्हणून पाय काढता घेतला. शहाण्या बाईने असंच करावं. सासूबाई पिशवीतली दुपटी उगाचच काढून पुन्हा ठेवू लागल्या.

थोड्या वेळाने त्या दिसेनाशा झाल्या. ब्रेकबाई बाथरूमला म्हणून उठली, तर वळणावर त्यांचा आवाज. त्या डॉक्टरीणबाईंना गाठून हळू आवाजात विनवत होत्या. ती काहीही म्हणू दे हो, तुम्ही तिला झोपवूनच करा. काही वेडंवाकडं झालं तर तिने बघायला नको. मी एकदा बघितलंय, मला माहीत आहे. डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आत ब्रेकबाई, एका हाताने झग्याची मागची बाजू धरून, दोघींच्या मधे येऊन उभी राहिली.

सासूबाईंनी सवयीने पंजा उभा केला.

"हात खाली करा, आई," ब्रेकबाई म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही माझ्या वाटचं बघून घेतलंत. या वेळी माझं मी बघणार. जिवंत असलं तरी मीच बघणार आणि मेलेलं असलं तरी मीच बघणार."

असलं अभद्र भरल्या पोटी बोलू नये, असं काहीतरी सासूबाई पुटपुटल्या. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, हे ब्रेकबाईला कळत होतं. म्हातारी दुष्ट नव्हती, घाबरलेली होती. पण तिच्या घाबरण्याची किंमत पुन्हा आपण मोजायची, हे काही हिला मंजूर नव्हतं. नवरा पिशवी छातीशी धरून दाराशी उभा होता. इकडे आई, तिकडे बायको, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ब्रेकबाईने त्याला स्पष्ट विचारलं, तू कुणाच्या बाजूने? पिशवी खाली ठेवून तो आईला म्हणाला, "आई, तिचं तिला ठरवू दे. मागे मी गप्प बसलो." एवढं बोलून त्याला इतका घाम फुटला की जणू एखाद्या बंगल्यातला मोठा फ्रीज एकट्याने उचलला.

ऑपरेशनच्या खोलीत गारठा होता आणि दिवा डोळ्यांत खुपत होता. तिला टेबलाच्या कडेला बसवलं, पायाखाली स्टूल, पोटाशी उशी. भूल देणारे डॉक्टर पाठीमागे आले. हिरवी टोपी, तोंडावर मास्क, पण "नमस्कार बाई" म्हणाले तो आवाज ओळखीचा होता. ब्रेकबाईने मान वळवून पाहिलं. खांब. मोकळ्या मैदानात, जिथे सगळा मिळून एकच दिव्याचा खांब होता, तिथे डोळे मिटून गाडी नेमकी त्यावर घालणारा विद्यार्थी. सुईला त्याचा हात सरावलेला आहे, हे सगळा गाव सांगत होता. तरी शेवटी खांब तो खांब.

खांबाने तिची पाठ पुसली. सिस्टरने समोरून खांदे धरले, मांजरीसारखी पाठ वाकवा म्हणाली. सुई लागली, आणि नेमक्या त्याच क्षणी सिस्टर मायेने म्हणाली, "आता अगदी थांबा हं."

पाय गेला. स्टूल घसरलं, बाजूच्या औजारांच्या ट्रॉलीवर आदळलं, ट्रेमधल्या चिमट्यांचा खळ्ळकन आवाज झाला आणि सुई बाहेर. दुखलं असेल, असं सगळ्यांना वाटलं. ब्रेकबाईलाही आधी कळलं नाही की आपण काय केलं. पुन्हा पाठ पुसली, पुन्हा वाकवली. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं. या खेपेला सिस्टर जास्तच काळजीने म्हणाली, "थांबा, थांबा, थांबा," आणि ब्रेक तीनदा लागला. तिसरा डॉक्टरीणबाईंच्या नडगीवर.

डॉक्टरीणबाई लंगडत मागे झाल्या. हलणाऱ्या पाठीत सुई घालणं धोक्याचं, त्या म्हणाल्या, आणि त्यात काही खोटं नव्हतं. हिला झोपवा. सिस्टरने मास्क पुढे आणला. काळा, रबरी कडांचा, तोच वास. मागच्या वेळचा तो सगळा न पाहिलेला दिवस त्या मास्कमध्ये भरलेला होता. ब्रेकबाईने तो हाताने बाजूला सारला.

"बाळाचे ठोके ठीक आहेत?" तिने विचारलं.

ठीक आहेत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण ही हट्ट करायची जागा नाही.

"हीच आहे," ब्रेकबाई म्हणाली. "बाळाच्या जिवाचं काही असेल तर मला विचारतही बसू नका, झोपवा. पण माझ्या पायाच्या खोडीपायी झोपवणार असाल, तर मी ही खाली उतरले आणि निघाले घरी. झगा मागून उघडा आहे. असू दे. गाव माझ्या ओळखीचाच आहे."

मग तिने पायाची सगळी गोष्ट सांगितली, तो शब्द न उच्चारता. तुम्ही जे म्हणालात ना सिस्टर, ते म्हणू नका, दुसरं काहीही म्हणा, हवं तर शिवी द्या. सिस्टरला हसू आवरेना. डॉक्टरीणबाई नडगी चोळत होत्या, आणि एकदाच करून बघा, नाही जमलं तर झोपवायचं, एवढ्यावर त्या तयार झाल्या.

खांब पाठीमागून पुढे आला आणि तिच्या समोर उकिडवा बसला. मास्कवरचे त्याचे डोळे तिला दिसले. चांगले टक्क उघडे होते.

"स्टूल काढून टाका," तो सिस्टरला म्हणाला. "पाय लोंबू देत. दाबायला खाली काही नको." मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, "बाई, ब्रेक माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त डोळे उघडे ठेवा."

हे वाक्य ब्रेकबाईने इतक्या लोकांना ऐकवलं होतं, पण ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं हे तिला आज कळत होतं. सगळा भार दुसऱ्याच्या पायावर टाकायचा. तिला तसं टाकता येत नव्हतं, तरी तिने टाकला. तेवढ्यातल्या तेवढ्यात खांबावर घालू नका, असं बजावायलाही ती विसरली नाही. उशी घट्ट धरली आणि समोरच्या भिंतीवरच्या एका निखळलेल्या फरशीकडे बघत राहिली. सिस्टर मुकाट होती. सुई गेली, आणि पाय लोंबते राहिले.

आडवी केल्यावर पायांत ऊब चढली, मग मुंग्या, मग काहीच नाही. तिने उजवा पाय दाबून बघितला. मनातल्या मनात पूर्ण जोर लावला. पाय हलला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे ब्रेक नव्हता, आणि तिला भीती वाटली. साधीसुधी नाही, नवशिक्याला वाटते ती. छातीपुढे हिरवा पडदा लागला. पलीकडे चिमटे वाजू लागले, कुणीतरी तिच्या पोटात हात घालून कपाट आवरावं तसं इकडचं तिकडे करत होतं. दुखत काहीच नव्हतं, नुसती ओढाताण. बाळ आडवं असल्याने वेळ लागत होता. डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला. बाळाचा पाय सापडला, त्या म्हणाल्या. मग जोडीदार डॉक्टरला एकदम म्हणाल्या, "थांबा."

शब्द आला आणि ब्रेकबाईचा पाय तसाच पडून राहिला.

मग काहीच ऐकू येईना. ओढाताण संपली होती, पोट हलकं झालं होतं, म्हणजे बाळ बाहेर आलं होतं, आणि ते रडत नव्हतं. पडद्यापलीकडे सगळे भराभर काहीतरी करत होते आणि कुणी बोलत नव्हतं. ब्रेकबाईला सगळं अंग सांगत होतं की मीट, डोळे मीट. मिटलेस तर अजून काही झालेलं नाही. सासूबाईंचं त्या दिवशी काय झालं असेल, ते तिला या एका क्षणात लख्ख समजलं, आणि तरीही तिने ठरवलं की आपण मिटायचे नाहीत. डोळ्यांना धार लागली. तिने त्या धारांतूनच बघितलं. "पडदा खाली करा," ती म्हणाली. "जे असेल ते दाखवा."

खांबाने पडदा खाली केला, आणि त्याच वेळी बाळाने तोंड उघडलं.

असं रडणं तिने कुणा नवशिक्याचंही ऐकलं नव्हतं. जांभळट, चिकट, मुठी वळलेली मुलगी, एक पाय ताठ करून, झोपेतून ओढून काढल्याचा जाब विचारत होती. एक डोळा मिटलेला, दुसरा उघडा. ब्रेकबाईने तिला डोक्यापासून बघायला सुरुवात केली. कपाळ, चपटं नाक, दुमडलेला कान, हनुवटीवरची खळी. सिस्टरने पुसून दुपट्यात गुंडाळलं आणि बाहेर नेऊ का विचारलं. आधी इथे, ब्रेकबाई म्हणाली. गालाला गाल लावून ठेवला तेव्हा मुलीच्या मुठीत हिच्या टोपीची नाडी आली, ती सोडवताना सिस्टरला दोन्ही हात लावावे लागले. टाके घालता घालता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता झोपलात तरी चालेल. नाही, ब्रेकबाई म्हणाली. मास्कच्या आत डॉक्टरीणबाई हसल्या असाव्यात.

दुपारी वॉर्डात सासूबाई आल्या. नवरा बाळाजवळ वाकून, फ्रीज तपासावा तसा कान लावून श्वास ऐकत होता. ब्रेकबाईचे पाय अजून जड होते, पोट ठणकायला लागलं होतं, तोंड कोरडं पडलं होतं. सासूबाई बाळाचं दुपटं सारखं करायला लागल्या. त्याला एकही चुणी नव्हती, तरी त्या सारखं करत राहिल्या.

"पहिली कशी होती, आई?" ब्रेकबाईने विचारलं.

सासूबाईंचा पंजा अर्धा वर आला. सुनेने त्या पंजाकडे पाहिलं आणि नजर हलवली नाही. इथे इस्त्री नव्हती, शर्ट नव्हता, उठून जायला दुकान नव्हतं. पंजा हळूहळू खाली आला आणि दुपट्यावर टेकला.

बोलायला लागल्या तेव्हा त्या बाळाकडेच बघत होत्या. गोरी होती, म्हणाल्या. बोटं लांब. दिवसभर माझं बोट धरून होती, सोडायला तयार नव्हती. गाणं येत नाही मला, म्हणून दुकानात कुणाचे किती कपडे आलेत ते सांगत बसले तिला. ऐकत होती. पिवळं दुपटं गरम करून घातलं, गार पडलं की पुन्हा गरम केलं. तुला उठवा म्हणून मी सांगायला हवं होतं. माझी छाती झाली नाही. एवढं सांगून त्या रडल्या, आणि ब्रेकबाईही रडली, टाके ओढत होते तरी रडली. नवरा या खेपेला स्क्रू शोधायला उठला नाही.

तेवढ्यात दुपारपाळीच्या दुसऱ्या एक मावशी पाण्याचं भांडं घेऊन आत आल्या. झोपल्या नाहीत का अजून, असं दटावून बाळाकडे बघत कौतुकाने म्हणाल्या, अगंबाई, मुलगी का, पहिलीच ना?

ब्रेकबाईने तोंड उघडलं, पण तिच्याआधी सासूबाई बोलल्या.

"दुसरी," त्या म्हणाल्या. "पहिलीला केस जास्त होते."